भाटकाराचा फोन

"सर, फोन तुमचो, पूण चावी तुमची न्हय." डिचोलीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणानं हे मला अगदी सहज सांगितलं आणि फोन परत हातात दिला. फोनला काही झालेलं नव्हतं. काच धड, कॅमेरा धड, बॅटरी त्यानंच मागे बदलून दिलेली. फक्त कंपनीनं त्याला सुरक्षेची अपडेट्स द्यायची बंद केली होती आणि बँकेचं ॲप नव्या अँड्रॉइडची मागणी करू लागलं होतं. लिनिएजओएससारखी, जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी जुन्या फोनांसाठी जिवंत ठेवलेली प्रणाली यात घालता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. त्यानं सेटिंग्जमध्ये आत आत जाऊन कंपनीचं कुलूप उघडू देणारी 'ओईएम अनलॉकिंग'ची ओळ दाखवली. ती राखाडी पडली होती. बोट कितीही दाबलं तरी शेजारचं बटण सरकेना.

ते वाक्य नंतर पाठ सोडेना. पेडण्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ते ऐकून भाटकार आठवणारच. भाटकार-मुंडकार म्हणजे काय हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. घर मुंडकाराचं, त्यानंच माती मळून उभं केलेलं, त्याची पोरंबाळं तिथेच वाढलेली. जमीन मात्र भाटकाराची. मातीची भिंत काढून चिऱ्यांची घालायची तर आधी विचारायला जायचं. चिरा लागला की घर पक्कं होतं आणि पक्क्या घराबरोबर हक्काची भाषा सुरू होते, हे भाटकारालाही कळत होतं. माड अंगणात, नारळ दुसऱ्याचे. रोजच्या जगण्यात अडत काहीच नसे. चूल पेटे, लग्नं होत, चवथ होई. अडे ते फक्त काहीतरी बदलायचं मनात आलं की. माझ्या फोनचंही तसंच झालं. पैसे मोजले, पावती ठेवली, इतकी वर्षं बिनबोभाट वापरला, आणि पहिल्यांदाच त्यात मुळापासून काही बदलावं म्हटलं तेव्हा कळलं की परवानगी देणारा दुसराच कुणी आहे.

कुलूप नेमकं कुठे बसवलेलं असतं ते जरा नीट पाहायला हवं. फोन सुरू केला की सगळ्यात आधी चालतो तो चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम. तो पुढे कधीच बदलता येत नाही. त्याच चिपमध्ये अतिसूक्ष्म फ्यूज असतात. त्यांतले काही कारखान्यात वीज सोडून कायमचे जाळतात, आणि जळलेल्या व शाबूत फ्यूजच्या रांगेतून कंपनीच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा चिपवर उमटतो. कोरलेला प्रोग्राम पुढच्याची, म्हणजे बूटलोडरची, सही त्या ठशाशी ताडून बघतो. बूटलोडर अँड्रॉइडच्या गाभ्याची सही तपासतो, आणि गाभा पुढे प्रणालीचा प्रत्येक तुकडा वाचताना पडताळत जातो. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी साखळी तुटते. सही करायची खासगी किल्ली कंपनीच्या ताब्यात. ती किल्ली अंदाजानं ओळखणं आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यामुळे इथे हुशारी चालत नाही आणि जबरदस्तीही.

आता रूट. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट, ज्याला कोणतीही फाइल वाचता येते, पुसता येते, कोणताही नियम बदलता येतो. फोनवरच्या प्रत्येक ॲपला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. फोन विकत घेणाऱ्यालाही शून्य क्रमांक दिलेला नसतो. तोही एक भाडेकरूच.

बोलताना आपण रूट मिळवणं आणि बूटलोडर उघडणं एकाच पोत्यात घालतो, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथून सुरू होतो. रूट म्हणजे घरात राहून हवं तेव्हा हवं ते करण्याची सत्ता. ती रोजची आहे, चोवीस तासांची आहे, आणि ती एकदा कुठल्या ॲपला दिली की त्या ॲपचीही होते. बूटलोडर उघडता येणं म्हणजे हे घर कोणी उभारावं, कोणाच्या सहीवर ते चालावं, हे ठरवण्याचा हक्क. तो बहुतेक जण आयुष्यात एकदाही वापरणार नाहीत. हा फरक मी पुन्हा काढणार आहे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. मराठी माणसाचा रूटशी जो पहिला संबंध आला तो फार वेगळ्या कारणानं आला, आणि त्याची आठवण आता पुसट होत चालली आहे. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्त्यांत देवनागरीचा फाँटच नव्हता. मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडलं की पडद्यावर रिकाम्या चौकोनांच्या रांगा. कुणी मराठीत निरोप धाडला की पुन्हा चौकोन. ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक आडवाट होती. त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये बिटमॅप फाँटचा पर्याय चालू केला की अक्षरांची चित्रं तयार होऊन येत. पण ती सोय त्या ब्राउझरपुरती. बाकी फोनभर मराठी दिसायची तर फाँटची फाइल प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकावी लागे, आणि तिथे लिहायला रूट लागे.

माझ्या भाच्यानं २०११ मध्ये माझ्या फोनवर हे केलं. फोन रूट केला, देवनागरीचा फाँट आत ढकलला, फोन पुन्हा सुरू केला. चौकोन गेले. अक्षरं आली, पण ती एकमेकांना कशी जोडायची याचं ज्ञान त्या प्रणालीला नव्हतं. 'डिचोली' लिहिलं की पहिली वेलांटी ड सोडून शेजारच्या चवर जाऊन बसायची. 'म्हापसा'तला म पाय मोडून सुटा उभा राहायचा. तरीही वाचता येत होतं, आणि मी वाचत होतो. फोनवर आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत, मोडकंतोडकं का होईना, दिसलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. त्याच वर्षाच्या अखेरीला अँड्रॉइडची ४.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी मुळातच होती. पण जुन्या आवृत्तीवर विकलेल्या कितीतरी फोनांना ती कधी मिळालीच नाही. त्यांच्या मालकांना मराठी वाचायची असेल तर रूट हाच मार्ग उरला. रूट करणारा म्हणजे काहीतरी लबाडी करणारा, अशी जी समजूत आज पसरली आहे ती मला म्हणूनच टोचते. आमच्यापैकी अनेकांनी आपली भाषा वाचण्यासाठी ते केलं होतं.

त्या काळी ते सोपंही होतं, कारण भिंतींना भेगा होत्या. २००८ मध्ये एचटीसीचा जी वन हा पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला, तेव्हा एका चमत्कारिक चुकीमुळे त्यावर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर पडद्यामागे रूटच्या आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामकडेही जात होतं. गप्पा मारताना कुणी 'रीबूट' हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबला की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलनं ती चूक लगोलग दुरुस्त केली. तेव्हापासून बंद बूटलोडरच्या फोनवर रूट मिळवायची एकच रीत उरली आहे: नवी चूक शोधायची. २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' या नावानं गाजलेली चूक लिनक्सच्या गाभ्यात जवळजवळ नऊ वर्षं पडून होती. तिच्या जोरावर लोकांनी कितीतरी फोन रूट केले. २०१९ मध्ये 'चेकमेट'शी नातं सांगणाऱ्या नावाची एक चूक ॲपलच्या चिपमधल्या कोरलेल्या प्रोग्राममध्येच सापडली. आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनांत ती आहे, आणि कोरलेलं बदलता येत नसल्यामुळे ती कायम राहणार आहे.

या सगळ्याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्या मालकाला किल्ली दिलेली नाही, त्याला आपल्या फोनमध्ये भोक असावं अशी आशा करावी लागते. सुरक्षेचं अपडेट आलं की तो ते टाळतो, कारण त्यानं भोक बुजेल. मग एका झटक्यात रूट करून देणारं कुणीतरी बनवलेलं, आत काय आहे हे न दाखवणारं ॲप तो उतरवून घेतो आणि घराच्या सगळ्या खोल्या त्याच्यापुढे उघड्या करतो. मालक आणि चोर एकाच भोकातून आत शिरतात. कुलुपानं सुरक्षा वाढते म्हणणाऱ्यांनी या हिशेबाचंही उत्तर द्यायला हवं.

हे मी पणजीत एका बँकेत सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला ऐकवलं. तो ठाम माणूस. म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या एका माणसाच्या हौसेखातर मी हजारो खातेदारांचं दार उघडं ठेवू? उघड्या बूटलोडरचा फोन चोरीला गेला तर चोर त्यात हवं ते भरेल. कुलूप तुमच्यासाठीच आहे."

या युक्तिवादाला मी फार वेळ देणार नाही, कारण कंपन्यांनी स्वतःच तो खोटा पाडला आहे. कुलूप जर फक्त सुरक्षेसाठी असतं तर सुरक्षेचा विचार करणाऱ्या सगळ्यांनी ते सारखंच लावलं असतं. गूगल आपल्या पिक्सेल फोनांचा बूटलोडर उघडू देते, आणि पिक्सेल काही असुरक्षित फोन म्हणून ओळखला जात नाही. शाओमी परवानगी मागायला लावते आणि ताटकळत ठेवते. सॅमसंगच्या फोनमध्ये परकी प्रणाली एकदा घातली की एक फ्यूज जळतो आणि पुढे तो फोन कंपनीच्या काही सोयींना जन्मभर मुकतो. हुवावे आधी मागितल्यावर संकेतांक देत असे, २०१८ मध्ये तिनं ते बंदच केलं. त्या वर्षी सुरक्षेचं गणित बदललं नव्हतं, कंपनीचं धोरण बदललं होतं. प्रत्येकीनं आपापल्या सोयीनं चौकट आखली आणि तिला सुरक्षेचं नाव दिलं. 'तुमच्याच भल्यासाठी' हे शब्द भाटकारही वापरत असे.

यावर माझ्या विद्यार्थ्यानं एकच प्रश्न विचारला. "सर, त्या दिवशी तुमचा फोन कोणाच्या हातात होता?"

दुकानातल्या मुलाच्या हातात होता. २०११ मध्ये भाच्याच्या. मी स्वतः यातलं काहीही स्वतःच्या हातानं केलेलं नाही. आणि मी निदान काय करून घेतोय हे जाणून होतो. पेडण्यातली माझी बहीण फोनमध्ये काही अडलं की शेजारच्या मुलाकडे देते आणि स्वयंपाकाला लागते. तो मुलगा चांगला आहे. पण सगळीकडे मुलं चांगलीच असतात असं नाही, आणि दुकानंही. सासरी नांदणाऱ्या किती मुलींचे फोन नवऱ्यानं 'सेट करून' दिलेले असतात! अशा हातात शून्य क्रमांक पडला तर बाईचा प्रत्येक निरोप, प्रत्येक फोटो, ती कुठे गेली कुठे आली, सगळं तिच्या नकळत दुसऱ्याला दिसू शकतं, आणि ती फोन कितीही तपासू दे, तिला काही आढळणार नाही. स्वस्त फोनांच्या बाबतीत तर कारखाना आणि दुकान यांच्या मधल्या वाटेतच कुणीतरी घाण मिसळल्याचं उघड झालेलं आहे. 'ट्रायडा' नावाचा असा उपद्रव काही फोनांत विक्रीआधीच बसवलेला होता, हे गूगलनं २०१९ मध्ये मान्य केलं.

मालकाचं स्वातंत्र्य म्हणून मी ज्याची वकिली करत होतो, ते आपल्या गावागावांत प्रत्यक्षात ज्याच्या हातात फोन त्याचं स्वातंत्र्य होतं. कुलुपावर माझा राग होता, तो इथे विरला. कुलूप हवं. माझ्या बहिणीच्या फोनला तर हवंच हवं, आणि तिच्या फोनवर रूट कुणालाही नको, तिलाही नको.

मग तक्रार काय उरते? इथे मला पुन्हा मुंडकाराकडे जावं लागतं, पण या वेळी कायद्याच्या बाजूनं. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं भाटांच्या सीमा पुसल्या नाहीत आणि जो राहतो तो मालक असंही सरसकट जाहीर केलं नाही. मुंडकाराला घरातून हुसकून लावायला बंदी केली, आणि घर विकत घ्यायचा हक्क दिला. तो हक्क ज्याला हवा त्यानं मामलेदारापुढे जाऊन बजावायचा. पुष्कळांनी तो बजावला नाही. पुष्कळांचे दावे कचेरीत वर्षानुवर्षं पडून राहिले, आणि त्याबद्दल बोलायला दुसरा लेख लागेल. तरीही हक्क कागदावर आला त्या दिवशी भाटकाराच्या आवाजातली जरब थोडी उतरली, असं आमच्या घरातली वडीलधारी माणसं सांगत.

फोनसाठी अशी रीतसर वाट फार पूर्वीच तयार झालेली आहे. गूगलनं २०१० मध्ये नेक्सस वन हा फोन आणला तेव्हापासून ती आहे. फोन संगणकाला जोडायचा, आज्ञा द्यायची. मग पडद्यावर इशारा येतो, मालकाला स्वतः बटण दाबून होकार द्यावा लागतो. आजच्या फोनांत तर उघडण्याच्या त्याच क्षणी आतली सगळी माहिती पुसली जाते आणि पुढे दर वेळी सुरू होताना फोन पडद्यावर सांगत राहतो की याचं कुलूप उघडं आहे. माहिती पुसली जाते हे लोकांना जाचक वाटतं, मलाही आधी वाटे. पण बहिणीच्या बाजूनं बघितलं की त्यातलं शहाणपण दिसतं. तिच्या नकळत कुणी कुलूप उघडलं तर फोन रिकामा होऊन तिच्या हातात येईल आणि तिला ताबडतोब कळेल. इतकंच नव्हे, पिक्सेलवर आपली स्वतःची किल्ली बसवून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. साखळी तीच, तपासणी तीच, फक्त सहीचा अधिकार कंपनीऐवजी मालकानं निवडलेल्याचा. या अवस्थेत फोन कुलूपबंद असतो आणि त्यावर रूटही नसतो.

म्हणून माझी मागणी आता वेगळी आहे. रूट मला नको. उघडायचा हक्क हवा, आणि तो निदान त्या दिवसापासून तरी सक्तीनं मिळायला हवा ज्या दिवशी कंपनी अपडेट देणं थांबवते. सांभाळायची जबाबदारी सोडली की किल्ली हातात ठेवण्याचं कारणच उरत नाही. युरोपीय संघानं जून २०२५ पासून फोनची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षं अपडेट द्यायला कंपन्यांना भाग पाडलं आहे. आपल्याकडे ग्राहक खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथे सुटे भाग, सेवा केंद्रं, हमी यांची माहिती मिळते. कुलुपाचा विषय त्यात नाही. बॅटरी बदलण्याचा हक्क आणि प्रणाली बदलण्याचा हक्क वेगळे का मानायचे? माझ्या फोनची बॅटरी बदलली होती, तरी तो निकामीच ठरला.

किल्ली कंपनीकडेच राहिली तर आणखी एक गोष्ट होते. कंपनीवर ज्याचा वचक, त्याचा हात आपोआप आपल्या फोनपर्यंत पोचतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार खात्यानं प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे ॲप आधीपासून घालून द्यायचा आदेश कंपन्यांना दिला. देशभर गदारोळ झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घेतली गेली. ते ॲप उपयोगी आहे, हरवलेले फोन त्यामुळे सापडतात. पण आदेश ग्राहकाला नव्हता, कंपन्यांना होता, आणि त्याची अंमलबजावणी ग्राहकाला न विचारता होऊ शकली असती.

एवढं मान्य झालं तरी बँक उरतेच. मुंडकारीत घर मिळालं पण घराकडे जाणारी वाट भाटकाराच्या भाटातून, आणि तो तिथे गडगा घालतो, असे खटले गोव्यात कमी नाहीत. उघडलेल्या फोनची आज तीच गत आहे. यूपीआय पुष्कळदा चालत नाही, बँकेचं ॲप दारातच अडवतं, आणि यूपीआयशिवाय आता पेडण्याच्या बाजारात मासळीसुद्धा घेता येईनाशी झाली आहे. माझा विद्यार्थी रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबद्दल निघालेल्या निर्देशांत रूट केलेल्या फोनवर ॲप चालू न देण्याची शक्यता बँकांनी तपासून पाहावी असं म्हटलेलं आहे, हे खरं. पण ते रूटबद्दल बोलतात. मालकानं स्वतःची किल्ली बसवून पुन्हा बंद केलेला फोन रूट केलेला नसतो. अशा फोनची चिप, त्यावर कोणाच्या सहीची प्रणाली चालू आहे हे, विचारणाऱ्या ॲपला खात्रीनं सांगू शकते. ते विचारायची तसदी न घेता गूगलच्या प्रमाणपत्रावर विसंबून ॲप नकार देतं. तेव्हा ही अडवणूक नियमाची आहे की बँकेच्या सोयीची? हे मी त्याला सविस्तर लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं आहे: "सर, तुमचा मुद्दा रूटपुरता बरोबर आहे. पण कोणाची सही मान्य करायची याची यादी मी करायची म्हटली तर तिच्यावर सही कोण करणार?" यादी रिझर्व्ह बँकेनं करावी, असं मी त्याला कळवलं आहे.